प्रतिसाद: चिन्हं आलटून-पालटून लावण्याआधी घात बघा

छेदात क्ष असलेली असमानता (≤ ०, ≥ ० अशी) सोडवताना छेदाने दोन्ही बाजूंना गुणू नका, हे वरच्या पोस्टमध्ये सांगितलंय ते अगदी बरोबर. पण "मूळं संख्यारेषेवर मांडा आणि उजवीकडून अधिक, उणे, अधिक अशी चिन्हं लावत जा" हे तिथलं सांगणं अर्धंच आहे. (मूळ म्हणजे ज्या किमतीला अंशातला किंवा छेदातला एखादा अवयव, म्हणजे कंस, शून्य होतो ती.) अवयवाचा घात विषम असेल तरच त्या मुळाशी चिन्ह बदलतं. सम असेल तर बदलत नाही. (क्ष−१)²(क्ष−३)/(क्ष+२) ≤ ० घ्या. मूळं −२, १, ३. तीनच्या उजवीकडे अधिक, १ ते ३ उणे, १ ओलांडल्यावरही उणेच, −२ च्या डावीकडे अधिक. उत्तर −२ < क्ष ≤ ३, म्हणजे पाच पूर्णांक. −२ छेदात आहे, तो कधीच घ्यायचा नाही.

खरी गडबड पुढे होते. हाच प्रश्न ≥ ० असा आला, की पोरं क्ष < −२ किंवा क्ष ≥ ३ लिहून मोकळी होतात. क्ष = १ ला पदावली शून्य होते, म्हणून तो एकटा बिंदूही उत्तरात हवा. (क्ष−१)² 'धनच आहे' म्हणून आधीच उडवला तर तो हमखास हरवतो. आणि नुसतं < ० असेल तर १ आणि ३ दोन्ही गळतात, उरतात तीनच पूर्णांक.

भाऊ, आपल्या नागपुरातून आयआयएमसाठी कॅट ही प्रवेशपरीक्षा देणाऱ्यांनी हे विशेष घोटावं. 'किती पूर्णांक किमती' असा प्रश्न पर्यायांशिवाय आला, तर चूक पकडायला समोर काहीच नसतं. विषम घाताचा (३−क्ष) दिसला तर आधी (क्ष−३) करून असमानतेचं चिन्ह उलटवा, मगच रेषा काढा.