शिलाईचे सगळे पैसे आधी? नकोच!

पैठणीवरचा ब्लाउज शिवून द्यायला ऑनलाइन सापडलेला शिंपी पूर्ण शिलाई आगाऊ मागतोय, द्यावी का, या प्रश्नावर बहुतेकांनी 'रेटिंग बघा' म्हटलंय. मला रेटिंगचा फारसा भरवसा वाटत नाही, ती विकतही मिळतात. त्यापेक्षा त्याने टाकलेले आरी वर्कचे (आरीच्या सुईने केलेल्या भरतकामाचे) फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या गूगलच्या सोयीत, घालून बघा. तेच फोटो चार वेगळ्या नावांच्या पानांवर दिसले तर पुढे बोलायचंच नाही. नाहीतर ब्लाउजच्या आतल्या बाजूचा फोटो मागा: अस्तर, शिवणीत सोडलेलं कापड, हुकपट्टी. खरा कारागीर लगेच पाठवतो, चोरलेल्या फोटोवाल्याकडे आतली बाजू नसतेच.

आणखी एक, 'अ‍ॅपवर कमिशन जातं, जीपे करा, स्वस्तात देतो' असं म्हणाला तर स्वस्ताचा मोह सोडा. व्यवहार अ‍ॅपबाहेर गेला की अ‍ॅपवाले हात वर करतात. मापाने शिवलेला कपडा सहसा परत घेत नाहीत, म्हणून कापड, माप, तारीख, बिघडलं तर काय, हे चॅटमध्येच लिहून घ्या. थोडी उचल आणि बाकी ट्रायलनंतर, हे दादरचा कोपऱ्यावरचा मास्टरही मान्य करतो.

'रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका' हा तर सरळ गंडा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. नुसती शिलाई बिघडली असेल तर तक्रार ग्राहक हेल्पलाइनकडे, 1915.