टेनिस बॉलवर रन निघतात, लेदरवर सारखा स्लिपला कॅच. काय चुकतंय?

डोंबिवलीकर_ओपनर
नमस्कार मंडळी. वय २६, राइट हँड बॅट्समन. आठवीपासून टेनिस बॉल खेळतोय, ठाणे-रायगडकडच्या नाइट टुर्नामेंटला ओपनिंग करतो आणि तिथे रन होतात. यंदा ऑफिसच्या टीमकडून लेदर सुरू केलं, सहा मॅच झाल्या, एकूण ३१ रन. त्यात चार वेळा सेम टू सेम आऊट, ऑफस्टंपच्या बाहेरचा बॉल, ड्राइव्हला गेलो, एज लागली, कीपर नाहीतर फर्स्ट स्लिप. एकदा बॅट-पॅडच्या मधून बोल्ड. बॉलर काही फार फास्ट नाहीत, बॉल दिसतोही व्यवस्थित, पण पाय निघतच नाही आणि हात आधीच पुढे जातात. टीममधले म्हणतात कॉन्फिडन्स नाही, मला ते पटत नाही, टेक्निकचंच काहीतरी आहे. पर्सनल कोच परवडणार नाही, शनिवारी सकाळी दोन तास नेट मिळतं तेवढंच. कुठून सुरुवात करू?

मैदानातला_काका
भावा, आधी तुझी बॅट उजेडात धरून बघ. बॉलचे लाल डाग कुठे आहेत? मधोमध असतील तर प्रश्न वेगळा, पण बाहेरच्या कडेला आणि खाली टोकाला असतील तर तू अंगापासून लांब खेळतोयस आणि लवकर खेळतोयस. डाग जुने असतील तर बॅट पुसून घे, एक नेट खेळ आणि मग बघ.

कारण सांगतो. टेनिस बॉल हलका, सिमेंटवर उंच येतो, तिथे पुढचा पाय लेगला काढून जागा करायची आणि खालच्या हाताने उचलायचा, हे बरोबरच आहे. लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, वर शिवण, टप्पा पडल्यावर बोटभर जरी सरकला तरी तुझी कड घेतो. बोटभरच लागतं. तुझा पाय लेगला आणि हात ऑफला, मधे एवढं मोठं दार उघडं राहतं, बोल्ड तिथूनच झालास.

मी मुंबईची कांगा लीग खेळलोय, ती १९४८ पासून भर पावसाळ्यात चालते. ओल्या पिचवर बॉल कधी थांबून येतो कधी पटकन निघतो, तिथे लवकर खेळणारा टिकतच नाही. आमचे सर एकच सांगायचे, बॉल डोळ्याखाली येऊ दे, मग बॅट लाव. पाय निघत नाही म्हणतोस ना, पायाचा विचारच सोड, डोकं बॉलच्या लाइनवर ने, पाय आपोआप मागून येतो. डोकं ऑफला कलंडलं तर मात्र सरळ बॉलवर एलबी होशील, तेवढं बघ.

सांगलीची_लेफ्टी
काकांना +१. दादा, मीपण भावांबरोबर टेनिस बॉलवरच शिकले, लेदरवर आल्यावर हेच झालं होतं. माझं चुकत होतं ते ग्रिपमध्ये. खालचा हात इतका घट्ट की ड्राइव्ह मारताना बॅटचं तोंड वळायचं. कोचनी मला फक्त वरच्या हाताने खेळायला लावलं, लहान मुलांची बॅट घेऊन, समोरून कोणीतरी दहा-बारा पावलांवरून हळू बॉल टाकायचा आणि एका हाताने सरळ परत द्यायचा. पहिल्या आठवड्यात मनगट भरून येतं, २०-२५ बॉलच्या वर करू नका. मग दुसरा हात लावायचा पण अंगठा आणि पहिलं बोट एवढंच. बॅट आपोआप सरळ यायला लागते, आणि हात सैल असले की एज लागली तरी बॉल स्लिपच्या आधी पडतो. हे घरी गॅलरीत मोज्यात बॉल टांगूनही होतं, मी तसंच करायचे.

नाशिक_कीपर
स्टंपमागून बघणारा म्हणून सांगतो, यातले निम्मे बॉल खेळायचेच नव्हते. गार्ड कुठला घेतोस, म्हणजे उभं राहताना बॅट कुठल्या स्टंपसमोर टेकवतोस? लेगस्टंप असेल तर मिडल घे, म्हणजे डोळ्याच्या बाहेरचा बॉल तो ऑफस्टंपच्या बाहेरचा एवढं सोपं गणित होतं. नेटमध्ये पहिले १५ मिनिटं नियम कर, स्टंपवर येणारा खेळायचा, बाकी सगळे सोडायचे. सोडतानाही पाय हलव, बॅट आत घे, उभ्या उभ्या बघत राहू नकोस. सचिनने २००४ ला सिडनीत नाबाद २४१ केले, ४३६ बॉल, कव्हर ड्राइव्ह जवळपास बंदच ठेवला होता कारण त्याआधी त्या शॉटवर आऊट होत होता.

दुसरं, क्रीजच्या थोडं बाहेर उभा राहून बघ. विराटला २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात ५ टेस्टमध्ये १३४ रन होते, २०१८ ला ५९३, आणि त्या वेळी तो क्रीजबाहेर उभा राहायचा, स्विंगला वळायला जागा कमी मिळते. तुमच्याकडचे बॉलर मिडियम पेसच असणार, उपयोग होईल.

मैदानातला_काका
कीपर, सोडण्याचं शंभर टक्के बरोबर. पण क्रीजबाहेरचं इतक्यात नको. मिडियम पेसरला कीपर स्टंपजवळ आला की हा स्टंपिंग होईल, आणि आधीच हा लवकर खेळतोय, त्यात बॉलला अजून कमी वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदल रे पोरा, आधी वरचा हात, महिनाभर. स्टान्स, बॅकलिफ्ट (बॅट मागे उचलणं) सगळं आहे तसं राहू दे.

डोंबिवलीकर_ओपनर
काका, ताई, कीपरभाऊ, मनापासून थँक्यू. बॅट बघितली, बारा डाग मोजले, नऊ बाहेरच्या कडेला आणि दोन टोकाशी. बघून पोटात धस्स झालं. मोज्यातला बॉल रोज ऑफिसवरून आल्यावर चालू केला, गार्ड मिडल घेतला. चार शनिवार झाले, काल मॅच होती. पहिल्या तीन ओव्हर बाहेरचं सगळं सोडलं, नॉन-स्ट्रायकर ओरडत होता मार म्हणून, नाही मारलं. मग त्याच बॉलरने वैतागून स्टंपवर फुल टाकला आणि तो सरळ बॅटने मिडऑनच्या बाजूने गेला, हाताला काही जाणवलंच नाही. १९ वर रनआऊट झालो. घरी येऊन आधी बॅट बघितली, नवीन पाच डागांपैकी तीन मधे आहेत. ताई, मनगट अजून दुखतंय, बॉल कमी करू का चालू ठेवू?

सांगलीची_लेफ्टी
तीन मधे म्हणजे मस्तच दादा!! दुखतंय तर चार दिवस पूर्ण बंद ठेवा, नंतर १० बॉलपासून. आणि पाचातले बाकीचे दोन कुठे लागलेत ते पण सांगा.