कपाट रिकामं करून राहिली आहे, उन्हाळ्यासाठी रंग सुचवा

मृणाल (बी-३०२):
सगळ्यांना नमस्कार 🙏 १ एप्रिलपासून रोज ऑफिसला जायचंय, दोन वर्षं घरूनच चालू होतं. कपाट उघडलं तर धड घालण्यासारखं काही दिसूनच नाही राहिलं. ८,००० रुपये बाजूला काढलेत. यंदा पांढऱ्याची चलती आहे म्हणून सहा पांढरे कुर्ते ऑनलाइन मागवते आहे. कोणी मागवलेत का? कापड कसं निघतं?

रश्मी (ए-२०४):
यंदा पांढरा? मागच्या वर्षी तर जिकडेतिकडे तो कॉफीसारखा तपकिरी होता. मी दोन घेतले, दोन्ही पडून आहेत.

मृणाल:
हो न ताई. पॅन्टोन म्हणून कंपनी आहे, ती दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग सांगते. २०२४ ला पीच फझ, २०२५ ला मोका मूस म्हणजे तुमचा तो कॉफीवाला, आणि २०२६ ला क्लाउड डान्सर, म्हणजे पांढराच.

वसंतकाका (ए-१०१):
या कंपनीचं मूळ काम रंगांना नंबर देण्याचं. गांधीबागेत कापडाच्या दुकानात होतो तेव्हा काही व्यापाऱ्यांकडे तिचं पंख्यासारखं उघडणारं रंगांचं पुस्तक पाहिलं आहे. फोनवर "फिक्कट मोरपंखी" म्हटलं की दहा जणांच्या डोळ्यांपुढे दहा रंग येतात. नंबर सांगितला की इथे आणि सुरतेत एकच रंग निघतो. वर्षाचा रंग काढायला त्यांनी २००० सालापासून सुरुवात केली, पहिला सेरुलियन, आपला आभाळी निळा. रंग ठरवणारे नागपूरचा मे महिना डोळ्यांपुढे ठेवून ठरवत नाहीत, एवढं लक्षात ठेव बेटा.

मंदाकाकू (ए-४०२):
मृणाल, ऑर्डर दिली नसशील तर दोन दिवस थांब. तीस वर्षं शिवणकाम केलं, माझ्या मशीनवरून किती कापड गेलं याचा हिशेब नाही, म्हणून हक्कानं सांगते.

आधी कपाटातलं सगळं बाहेर काढ. सगळं म्हणजे सलवारी, लेगिन्स, ओढण्या, जीन्ससुद्धा. उद्या सकाळी गच्चीवर दोरीवर टाक. खोलीत ट्यूबलाइटखाली पाहू नकोस, तिथे काळा, गडद निळा आणि गडद चॉकलेटी एकसारखेच दिसतात. बायका वरचे रंग पाहून खरेदी करतात आणि फसतात, कारण रोजची जोडी खालच्या कपड्यावर ठरते. तुझ्याकडे खाली काळा आणि निळा जास्त असेल तर त्यावर काय बसतं ते बघून वरचं घ्यायचं. नाहीतर प्रत्येक नव्या कुर्त्यामागे एक नवी सलवार येते आणि ८,००० चे १२,००० होतात.

मग आरशाजवळ, खिडकीच्या उजेडात, एकेक कुर्ता गळ्याशी धर. चेहरा आधी दिसला तर रंग तुझा. कापड आधी दिसलं तर तो रंग सलवारीला किंवा ओढणीच्या काठाला ठेव, गळ्याशी नको.

रश्मी:
काकू, हे गळ्याशी धरायचं मी कधी केलंच नाही! दुकानातल्या बाहुलीच्या अंगावर छान दिसलं की घेऊन टाकते.

अनिकेत (सी-१०४):
मीही विचारून घेतो. ऑफिससाठी शर्ट घ्यायचेत. ग्रे आणि फिक्का आकाशी आवडतो मला.

मंदाकाकू:
अनिकेत, तू गाडीवर हिंगण्याला जातोस न? मग ग्रे टाळ. घामाचा डाग सगळ्यांत जास्त ग्रे आणि आकाशीवर दिसतो, काखेत आणि पाठीवर नकाशा उमटतो. पांढरा, गडद निळा किंवा बारीक चेक्स, बारीक छापा घे. तीच शिवण, तेच कापड, तेवढाच घाम, पण दिसत नाही. ग्रे आवडतो तर डिसेंबर-जानेवारीला ठेव, थंडीत तो शोभून दिसतो.

अनिकेत:
काकू, हे कोणी सांगितलंच नव्हतं आतापर्यंत. मीटिंगमध्ये मी हात खाली दाबून बसतो.

वसंतकाका:
आणि कापड आधी पाहायचं, रंग मग. पारा ४५ च्या वर गेला, त्यात नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की अंगावरचं कापड काय आहे हेच खरं. पाकिटावर "कॉटन फील", "कॉटन टच" लिहिलेलं असतं, त्यात कॉटन किती ते आतल्या पट्टीवर पाहा. पट्टी नसेल तर शिलाईच्या आतून एक धागा ओढून काडीनं जाळायचा. सुताचा धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा, मागे भुरकट राख. पॉलिस्टर वितळतं, टोकाला कडक काळा मणी धरतो. रेयॉनपण कागदासारखाच जळतो, त्यात या परीक्षेनं फसगत होते. रेयॉन हाताला थंड लागतो पण घामानं भिजला की अंगाला चिकटतो आणि ओला असताना कमजोर पडतो. ओला पिळताना खांद्याजवळ उसवतो तो बहुतेक तोच.

मृणाल:
बाप्पा, मी पाहिलेले सहाच्या सहा कुर्ते रेयॉनचे आहेत! आत्ता साइटवर कापडाचं नाव वाचलं.

मंदाकाकू:
म्हणून तर थांब म्हटलं.

आता पांढऱ्याचं ऐक. पांढरा वाईट नाही, उन्हाळ्यात तर डोळ्यांना गार वाटतो. पण सहा नको. आपल्या सोसायटीत वापरायला बोअरचं पाणी आहे. अशा पाण्यात लोह असलं की पांढऱ्यावर हळूहळू पिवळी झाक येते. मग लोक ब्लीच टाकतात आणि ती झाक अजून पक्की होते. काखेतले पिवळे डाग घाम आणि घाम रोखणाऱ्या स्प्रेतल्या ॲल्युमिनियमचे असतात, तेही ब्लीचनं बिघडतात. खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावून अर्धा तास ठेव आणि साध्या पाण्यानं धू. शेवटच्या पाण्यात नीळ, आधी पाण्यात नीट विरघळवून, नाहीतर निळे ठिपके पडतात. इतकं रोज सहा कुर्त्यांचं करणार आहेस का? दोन घे. आणि शुभ्र घेण्यापेक्षा ऑफ-व्हाइट घे, आपण ज्याला मोतिया म्हणतो तो. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर मोतिया जास्त उजळ दिसतो, हे मी शेकडो गिऱ्हाइकांच्या गळ्याशी धरून पाहिलं आहे.

अजून एक. पातळ पांढरा मलमल उन्हात गाडीवर घालू नकोस. हवा लागते म्हणून छान वाटतं, पण विरळ विणीतून आणि फिक्या रंगातून ऊन थेट कातडीला लागतं. वर सनकोट आणि तोंडाला दुपट्टा आलाच. सावलीत, घरात मलमल. बाहेर घट्ट विणीचं सुती, पण शिवण सैल.

रश्मी:
काकू, सैल आणि गडद चालतं का? माझ्याकडे काळे कुर्ते खूप आहेत. काळं गरम होते म्हणून उन्हाळ्यात काढतच नाही.

वसंतकाका:
काळा रंग ऊन जास्त शोषतो हे खरं. संक्रांतीला काळं नेसायचं ते थंडीत ऊब मिळावी म्हणूनच सांगितलं जाते. पण वाळवंटातले बेदुईन लोक सैल काळे झगे घालतात, त्याचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आणि तो १९८० मध्ये नेचर या विज्ञान साप्ताहिकात आला होता. काळ्या झग्यानं उष्णता जास्त घेतली, पण झगा सैल असल्यानं ती अंगापर्यंत पोचायच्या आधीच हवेनं निघून गेली. आत काळ्या-पांढऱ्या झग्यात फरक पडला नाही. म्हणून सैल काळा सुती कुर्ता संध्याकाळी बेधडक घाला. अंगाला घट्ट काळी लेगिन दुपारी दोनला मात्र नको.

रश्मी:
मग नवरात्रीच्या रंगांचं काय करू? दरवर्षी दोन-तीन साड्या फक्त रंगासाठी घेतल्या जातात. मागच्या वेळी पोपटी घेतली, एकदा नेसली, परत हात नाही लावला.

मंदाकाकू:
रश्मी, त्यात एक सोपी गोष्ट आहे. सात रंग वाराचे ठरलेले आहेत. रविवार केशरी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार गडद निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी. उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा असे येतात. म्हणजे दरवर्षी तेच रंग नुसते मागेपुढे सरकतात. एकदा कपाटात बसले की नवीन घ्यावंच लागत नाही. राखाडीसाठी मी काठात राखाडी असलेली जुनी साडी नेसते, कोणी काही म्हणत नाही. पिवळ्याला आजीचं नऊवारी लुगडं कापून केलेला कुर्ता आहे. कापड इतकं मऊ झालंय की अंगावर आहे हेच विसरायला होते.

मृणाल:
आणि तो तपकिरी? रश्मीताईंचे दोन पडलेत म्हणे.

मंदाकाकू:
अगं, तो रंग तर आपल्या घरचा आहे! कोसा पाहिला नाहीस का? भंडारा, गडचिरोलीच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्याचं रेशीम ते. न रंगवता त्याचा रंग मधासारखा, कधी गव्हाच्या ओंबीसारखा, कधी अगदी त्या कॉफीजवळ जातो. आपली करवतकाठी साडी त्यावरच विणतात, काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे. पॅन्टोननं २०२५ मध्ये जो रंग काढला तो माझ्या लग्नातल्या साडीत आहे. रश्मी, तुझ्या तपकिरी कुर्त्यावर मोतिया किंवा पळसाच्या फुलाच्या रंगाची ओढणी टाकून बघ. नुसता तपकिरी चेहरा मलूल करतो, वर एक तेजी रंग आला की जिवंत होतो.

रश्मी:
पळसाचा! आत्ता होळीच्या सुमारास उमरेड रोडला किती फुलला होता. अंगावर आणायचं सुचलंच नाही कधी.

वसंतकाका:
मॅचिंग घ्यायला जाल तेव्हा नमुन्याचा तुकडा घेऊनच जा. आठवणीतला रंग दगा देतो. आणि दुकानाच्या दिव्याखाली ठरवू नका. दोन कापडं एलईडीत एकरंगी दिसतात आणि उन्हात गेलं की एक हिरवट, एक निळसर. सीताबर्डीच्या मॅचिंग सेंटरवाल्याकडे सहज मागा, तो स्वतः कापड घेऊन रस्त्यावर उजेडात येतो, अंगठ्यानं परकराचं कापड साडीवर दाबून दाखवतो. जो दारापर्यंत येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

*(दुसऱ्या दिवशी)*

मृणाल:
काकू, गच्चीवर सगळं टाकलं होतं! हिशेब असा. कुर्ते १७, त्यातले ५ तर मला आठवतच नव्हते. खाली ६ काळे, ३ गडद निळे आणि एकच मोतिया सलवार. म्हणजे वरचे १७ कुर्ते प्रत्यक्षात त्या १० वर बसवायचे होते आणि त्यातले ९ बसतात. तीन कुर्त्यांचा रंग उन्हात पाहिला तर पाठीवरून उडालेला आहे, खांद्यांवर पांढुरके पट्टे. मी नेहमी सुलटेच वाळत घालते.

मंदाकाकू:
उलटे करून सावलीत वाळव, आपल्या उन्हात सावलीतही तासाभरात वाळतात. ते तीन उडालेले टाकू नकोस, मला दे. पाठीचा भाग सोडून पुढच्या कापडात उशीचे अभ्रे होतात. आणि गळ्याशी धरून पाहिलं का?

मृणाल:
हो. आईलाही बोलावलं. पिस्ता आणि लेमन नाही चालत, तोंड आजारी दिसते. गडद निळा, मोरपंखी आणि तुमचा पळसाचा छान. मोतियानं तर आई म्हणाली, "झोप झाली का नीट?" 😊

मंदाकाकू:
मग झालं. दोन मोतिया सुती कुर्ते, एक मोरपंखी छापा, एक निळी सुती सलवार, आणि पळसाच्या रंगाची एक मोठी ओढणी. पट्टीवर शंभर टक्के कॉटन पाहून घे. शिवून घेणार असशील तर कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मग माझ्याकडे आण. कोरं सुती आकसतं, आणि आकसलेल्या कुर्त्याच्या बाह्या मला पुन्हा उसवायला लावू नकोस.

मृणाल:
शनिवारी इतवारीला जाऊ का? ११ ला निघू, ऊन वाढायच्या आधी.

रश्मी:
मी येते. तपकिरी कुर्ता पिशवीत टाकून आणते, ओढणी तिथेच दारात लावून पाहू.

अनिकेत:
काकू, बारीक चेक्सचा निळा मिळाला तर फोटो टाका. साइज ४२.

वसंतकाका:
अनिकेत, गळ्याशी धरून पाहायचंय. तूपण चल. अकराला गेटवर भेटू, पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा सोबत घे.