रणजी: इंदूरची फायनल मोठी का जामठ्याची?

आर्वीकर
एका पोस्टीत वाचलं की २०१७-१८ ची रणजी विदर्भाला नशिबानं लागली. वाचून डोकंच फिरलं. कोलकात्याची सेमीफायनल आठवा. पहिल्या डावात आपण १८५, कर्नाटक ३०१. म्हणजे ११६ नं मागे! तिथून ३१३ काढले, कर्नाटकाला १९८ हवे होते, अन् ते १९२ वर संपले. आपला वेगवान गोलंदाज गुरबानी, ६८ धावांत ७ बळी. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध त्याची हॅट्‌ट्रिक, तिघंही त्रिफळा, त्यात १४५ वर जमलेला ध्रुव शोरे. आपला यष्टिरक्षक वाडकर, त्याचं पहिलं शतक, १३३. याच्यात नशीब कुठं आलं?

वणीवाला
सेमीफायनल मान्य. पण फायनल? नऊ गडी राखून जिंकलो, चौथ्या दिवशी खेळ खलास. खरी फायनल नागपूरजवळच्या जामठ्याची, सौराष्ट्राविरुद्ध, फेब्रुवारी २०१९. पहिल्या डावाची आघाडी फक्त ५. समोर पुजारा, ऑस्ट्रेलियात तीन शतकं ठोकून आलेला. आपल्या फिरकीपटू सरवटेनं त्याले दोन डावांत १ अन् ० वर काढला. सौराष्ट्राले २०६ पाहिजे होते, १२७ त आटोपले. सरवटेचे सामन्यात ११ बळी.

मोर्शीकर
२०२५ ची फायनल कोणीच काढून नाही राह्यलं. दानिश मालेवार १५३, हर्ष दुबेचे हंगामात ६९ बळी, रणजीचा विक्रम.

वणीवाला
भाऊ, तो सामना अनिर्णित सुटला. केरळवर पहिल्या डावात ३७ ची आघाडी, तिच्यावर चषक. नियमात बसते, पण शेवटचा गडी पडल्याची मजा त्यात नाही.

देवळीकर
तुम्ही विदर्भ विदर्भ करता, पण तालुक्यातून फलंदाज किती गेले ते सांगा. आपल्याकडं पोरगं टेनिस बॉलवर वाढते. त्या बॉलला शिवणच नाही, तर शिवणीवर पडून वळणारा चेंडू खेळायची सवय लागणार कशी? लेदर बॉल मिळाला तरी खाली काथ्याची मॅट. मॅटवर चेंडू सरळ अन् उंच उसळते, म्हणून पोरगं मागच्या पायावर आडवी बॅट मारते. टर्फवर, म्हणजे माती-गवताच्या खेळपट्टीवर, तोच चेंडू खाली राहिला की पायचीत.

वणीवाला
उमेश यादव वलनीचा, खाणकामगाराचा पोरगा, टेनिस बॉलवरच खेळलेला. २०१९ च्या वायनाडच्या सेमीफायनलमध्ये केरळचे १२ घेतले त्यानं.

देवळीकर
वेग अंगात असते, तो टेनिस बॉलनंही टिकते. मी फलंदाजाचं विचारलं होतं. उत्तर द्या.

आर्वीकर
मग मॅट फेका अन् टर्फ करा. आपली काळी माती खेळपट्टीला उत्तम, चिकणमाती भरपूर. बावीस यार्ड लांब, दहा फूट रुंद. माती चाळून इंचभराचा थर, पाणी, रोलर, मग दुसरा थर.

देवळीकर
करा म्हणणं सोपं! थर टाकताना खालचा थर खरवडून ओला केला नाही तर दोन्ही थर जुळत नाहीत, मग पापुद्रे निघतात अन् चेंडू कधी घोट्याला, कधी गळ्याला. ओल जास्त राहिली तर माती रोलरला चिकटून उखडते, कमी राहिली तर दबत नाही. अंगठा दाबून ठसा उमटला पाहिजे, पण माती बोटाला लागली नाही पाहिजे, तेव्हा रोलर फिरवायचा. वर हरळी जिवंत ठेवावी लागते, मुळं माती धरून ठेवतात. एप्रिल-मे मध्ये तिला पाणी कोण देणार? जिथं गावाला टँकर येते तिथं खेळपट्टीला पाणी मागायचं का? अन् हरळी मेली की काळ्या मातीला बोटभर भेगा.

मोर्शीकर
मंग मॅटच नीट टाका ना. खाली मुरूम ओला करून दाबायचा, मॅट दोन्ही टोकांनी ओढून चारही बाजूनं खिळे. आपल्याकडं चार कोपऱ्यात चार दगड ठेवतात, टप्प्याच्या जागी घडी पडते, अन् चेंडू घडीवर पडला की पोराच्या तोंडावर.

आर्वीकर
पाण्याचं पटलं, नाइलाजानं. पण धागा रणजीचा होता. १८५ वर गुंडाळले जाऊन सेमीफायनल जिंकणं, याच्या वरचढ काही दाखवलं का कोणी?

वणीवाला
पुजारा १ अन् ०. पुन्हा वाचा.