अनुभव धागा : पहिली ते चौथीचे हाताने करायचे उपक्रम

प्रदर्शनात मांडायच्या तयार प्रतिकृती इथे नकोत. मुलांनी स्वतः केलेलं आणि ज्यातून मोजायला-बघायला काही मिळतं, असं लिहा. साहित्य, पायऱ्या आणि कुठे फसतं एवढं आलं की दुसऱ्या वर्गात ते उद्या करता येतं.

चौथीचा वर्ग, कोकण
बाटलीचा पर्जन्यमापक जरूर करा. एक लिटरची, सरळ भिंतीची, वळ्या नसलेली बाटली घ्या. जिथे ती निमुळती होते तिथे मोठ्यांनी कापायची आणि वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. वेगळं मोठं नरसाळं लावू नका. तोंड रुंद आणि बाटली अरुंद झाली की पाऊस आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. बुडाला खळगे असतात, म्हणून मूठभर खडे टाकून सरळ भिंत सुरू होईपर्यंत पाणी भरायचं. ती पातळी म्हणजे शून्य. तिथून वर मिलिमीटरच्या आलेख कागदाची पट्टी लावा आणि रुंद सेलोटेपने पूर्ण झाका, नाहीतर पहिल्याच सरीत शाई ओघळते.

वाचताना बाटली सपाट कट्ट्यावर, डोळ्यांच्या रेषेत ठेवायची. पाणी भिंतीला किंचित वर चढलेलं असतं आणि मुलं तोच काठ वाचतात. वाचायची ती मधली खोलगट पातळी. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8.30 ला संपतो. आपणही तेव्हाच नोंद घेतली की पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येते. शाळा उशिरा भरत असेल तर शाळेजवळच्या घरातल्या मुलांकडे हे काम द्या. जुलैत एका दिवसात 100 मिमीच्या वर पडतो आणि बाटली भरून वाहते; म्हणून जोराच्या पावसात दोनदा वाचायचं, मधे पाणी शून्यापर्यंत ओतून द्यायचं आणि शेवटी बेरीज करायची.

गणित इथे आपोआप येतं. एक चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. वर्गाचं छप्पर 6 मीटर बाय 5 मीटर असेल तर 10 मिमीला 300 लिटर. दहा लिटरच्या किती बादल्या, हे मुलं लगेच सांगतात.

चौथीचा वर्ग, विदर्भ
वरच्या सरांच्या कृतीत एक भर. आमच्याकडे उघडीप मोठी असते, त्यात शून्यापर्यंतचं पाणीही आटतं आणि पुढचा पाऊस कमी दिसतो. रोज नोंद झाली की पाणी ओतून पुन्हा शून्यापर्यंत भरा, म्हणजे डासांच्या अळ्याही होणार नाहीत. बाटली वाऱ्याने पडते, चार विटांच्या मधे ठेवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट तरी अंतर हवं.

दुसरीचा वर्ग
दशक-एककासाठी खराट्याच्या हिरांसारखं साधन नाही. 10 सेंमीचे तुकडे करा, टोकं घासून घ्या. दोन मुलांच्या एका जोडीला दहा-दहाच्या 9 जुड्या आणि 20 सुट्या. पावसाळ्यात रबरबँड चिकट होऊन तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक कडी कापून दोन वेढे दिले की वर्षभर टिकतात.

52 मधून 27 काढताना दोन सुट्यांमधून सात निघत नाहीत. तिथे बाईंनी हात मागे ठेवायचा. मुलाने स्वतः एक जुडी सोडायची, दहा हिर टेबलावर पसरायचे, बारा मोजायचे, मग सात उचलायचे. फळ्यावरचा हातचा त्यानंतरच लिहावा. लाल मणी म्हणजे दहा असं साधन घाईने आणलं की घोटाळा होतो, कारण मणी सोडून त्यातून दहा निघत नाहीत.

पालक, घरचा उपक्रम
काचेच्या ग्लासात आतून टीपकागद लावा, मधे चुरगळलेला कागद कोंबा आणि काच व टीपकागद यांच्या मधे 4-5 वाल किंवा राजमा सरकवा. पाणी बुडाशी बोटभरच. बी बुडालं की कुजतं आणि बुरशी धरते. डाळ उगवत नाही, अख्खं कडधान्यच हवं. मूळ दोन-तीन सेंमी झालं की ग्लास आडवा करा. एक-दोन दिवसांत मुळाचं टोक पुन्हा जमिनीकडे वळलेलं दिसतं. त्याआधीचं आणि नंतरचं चित्र मुलाला काढायला लावा.

तिसरीचा वर्ग, पुणे
शून्य सावली, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते ती वेळ, मेच्या सुटीत येते, म्हणून ती वर्गातून घरी देण्याची गोष्ट. पुण्यात साधारण 13-14 मे, दुपारी 12.31 च्या आसपास. कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, नागपूरला शेवटच्या. जुलैअखेर पुण्यात सूर्य परत डोक्यावर येतो, पण ढगांमुळे भरवसा नाही. बाटलीपेक्षा सरळ कडांचा स्टीलचा डबा उभा करा. जमीन सपाट नसेल तर सावली राहतेच, त्यामुळे ताटलीत पाणी ठेवून आधी पातळी तपासा. 12.15 पासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण. आठवडाभर आधीपासून त्याच जागी खुणा केल्या तर सावली रोज कशी आखडत जाते ते फरशीवर उमटतं.

पहिलीचा वर्ग
कागदाच्या लगद्याच्या टोपल्या दिवाळीनंतर घ्या. पावसाळ्यात लगदा वाळत नाही, वास येतो. वर्तमानपत्र दोन दिवस भिजवून कुटायचं, भिजवलेली मेथी वाटून मिसळायची. तिने लगदा चिकट होतो. वाटीवर थापण्याआधी तेलाचा हात फिरवा, नाहीतर टोपली सुटताना फाटते.