बाहेर जेवताना कॅलरींचा हिशेब तुम्ही कसा ठेवता? (अनुभव धागा)

कोथरूडहून, धागाकर्ती

घरी फोडणीला किती तेल पडले, पोळीला किती कणीक लागली, हे आपल्या डोळ्यांसमोर घडते. हॉटेलात ताट समोर येईपर्यंत सगळा कारभार भटारखान्याच्या दाराआड उरकलेला असतो आणि हिशेबाचा घोळ नेमका तिथेच होतो. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूकार्डावर पदार्थासमोर किलोकॅलरी छापाव्या लागतात आणि २०२२ पासून हा नियम अमलात आला आहे. पण पुण्यात आपण जिथे खरोखर खातो, ती पेठांमधली मिसळीची दुकाने, थाळीची घरगुती हॉटेले, अमृततुल्ये आणि कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाड्या बहुतेक या नियमाच्या कक्षेबाहेरच राहतात. म्हणून या धाग्यावर विनंती अशी, की अमुक पदार्थात किती कॅलरी असतात याच्या याद्या न देता, समोर आलेल्या ताटाचा अंदाज तुम्ही कसा बांधता, ते लिहावे.

सुरुवात मी करते. आमच्याकडे रविवारी सकाळी मिसळ खायला बाहेर जाण्याची पद्धत आहे आणि ती मोडायची माझी इच्छा नाही. त्यामुळे मी घरी एकदा हॉटेलसारखी मिसळ करून प्रत्येक गोष्ट वजनकाट्यावर ठेवली. एका प्लेटीसाठी कोरडी मटकी ३० ग्रॅम लागली, तिचे साधारण १०० किलोकॅलरी. फरसाण ४० ग्रॅम, म्हणजे २०० च्या थोडे वर. तळाशी घालायचे पोहे मूठभर, त्यांचे १०० धरले. ब्रेडच्या दोन स्लाइसचे १५०. उरला कट. हॉटेलात वाटीच्या कडेला जशी लाल तर्री उभी राहते तशी ती दिसावी, यासाठी प्लेटीमागे दोन मोठे चमचे तेल घालावे लागले, त्याचे २४०. बेरीज ८०० च्या घरात गेली. यात मटकीचा वाटा आठवा हिस्सा आहे आणि तेलाचा जवळजवळ तिसरा, तोही फरसाणातले तेल न धरता. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २००० किलोकॅलरींच्या नमुना आहारात दिवसभराचे तेल-तूप २७ ग्रॅम धरले आहे. तेवढे या एका प्लेटीत संपते. तेव्हापासून मी मिसळ तीच खाते, पण रस्सा पुन्हा मागताना वरची तर्री बाजूला सारून खालचा रस्सा द्यायला सांगते. बहुतेक ठिकाणी वाढणारे दादा काही न विचारता देतात.

एक ग्रॅम स्निग्धांशाचे ९ आणि एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांचे किंवा प्रथिनांचे ४ किलोकॅलरी, एवढे सूत्र पाठ असले की आपण कुठे चुकू शकतो हे लगेच कळते. भाताचा अंदाज चमचाभर चुकला तर फरक किरकोळ पडतो. तेलाचा चमचाभर चुकला तर १२० चा फरक पडतो.

बाणेरहून

ताईंनी मांडलेला नियम मी रोज वापरतो, कारण संगणक क्षेत्रातल्या नोकरीमुळे आठवड्यातली बरीच जेवणे फोनवरून मागवलेली असतात. मोठ्या साखळी हॉटेलांचे आकडे मागवतानाच दिसतात आणि तुलनेसाठी ते फार उपयोगी आहेत. पण ते वाचताना आकड्याच्या शेजारचे सर्व्हिंगचे वजन आधी पाहावे, एवढे मला आग्रहाने सांगायचे आहे. आकडा एका सर्व्हिंगचा असतो आणि पुडक्यात एकच सर्व्हिंग असेल असे मुळीच नाही. पिझ्झ्याचा आकडा कधी एका तुकड्याचा असतो, बिर्याणीचा हंडी दोघांची धरून दिलेला असतो. शिवाय टेबलावर फुकट मिळणारे सॉस, चटण्या आणि मसाल्याची पाकिटे या हिशेबात येत नाहीत. मेयोनीजच्या छोट्या डबीत मुख्यतः तेलच असते, त्यामुळे ती उघडली तर तिचे वेगळे धरावे.

ज्या ठिकाणांचे आकडे नसतात, तिथे मी त्याच प्रकारच्या साखळी हॉटेलातला पदार्थ शोधतो, वजनाच्या प्रमाणात वाढवतो आणि वर चौथा हिस्सा आणखी धरतो. ही पद्धत शास्त्रशुद्ध नाही, पण कमी धरण्यापेक्षा थोडे जास्त धरलेले बरे, असे माझे मत आहे.

कॅम्पातून

मी अनेक वर्षे पंजाबी आणि मुघलाई जेवण देणाऱ्या हॉटेलांच्या भटारखान्यांत काम केले आहे. ग्राहक पदार्थाच्या नावावरून हिशेब करतात, पण आमच्याकडे पदार्थ नावाप्रमाणे वेगळे शिजत नाहीत, हे आधी समजून घेतले पाहिजे. सकाळीच तीन-चार पातेली तयार होतात. टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजू, मगजबी आणि उकडलेल्या कांद्याची पांढरी ग्रेव्ही, आणि कांदा-टोमॅटो बारीक चिरून तेल सुटेपर्यंत परतलेला चॉप मसाला. ऑर्डर आली की यांतले दोन एकत्र होतात, त्यात पनीर, भाजी किंवा चिकन पडते आणि वेगवेगळ्या नावांनी बाहेर जाते. म्हणजे कढईत नव्याने तेल पडण्याआधीच ग्रेव्हीत तेल आहे. मिक्स व्हेज मागवली म्हणजे भाजी खाल्ली, असे मानणाऱ्या ग्राहकांना मी हे नेहमी सांगत आलो. त्यातली फरसबी, गाजर आणि फ्लॉवर बऱ्याचदा आधी तळून ठेवलेले असतात, कारण तळल्याने रंग टिकतो आणि ऑर्डर लवकर निघते.

दोघांना पुरणाऱ्या पनीर बटर मसाल्याचा हिशेब मी मांडून दाखवतो. पनीर दीडशे ग्रॅम, त्याचे सव्वाचारशेच्या आसपास. ग्रेव्हीतले काजू तीस ग्रॅम, त्यांचे १७०. तेल आणि बटर मिळून चाळीस ग्रॅम, त्याचे सव्वातीनशे. शेवटी वर सोडलेले क्रीम, त्याचे ७०. हजाराच्या आसपास बेरीज होते, म्हणजे माणशी ५००, आणि यात रोटी अजून आलेली नाही. नानाचा गोळा साधारण शंभर ग्रॅमचा असतो. त्यातल्या मैद्याचे सव्वादोनशे धरा आणि तंदूरमधून काढल्यावर वर फिरवलेल्या बटरचे वेगळे धरा. हे बटर कोणी मोजत नाही. गर्दीच्या वेळी ते अधिकच लागते, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

मोजमाप नसते म्हणजे कोणी फसवते असे नाही. हात बसलेला असतो आणि पळीचा अंदाज असतो, पण तो अंदाज चवीचा असतो. वस्ताद बदलला की त्याच हॉटेलातल्या त्याच भाजीचे तेल बदलते.

सहकारनगरहून

माझ्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे, त्यामुळे आमच्या घरात कॅलरींच्या आधी कर्बोदके मोजली जातात. जेवणापूर्वी इन्सुलिन किती घ्यायचे, हे ताटात कर्बोदके किती आहेत त्यावर ठरते आणि ते प्रमाण डॉक्टरांनी त्याच्यासाठी ठरवून दिलेले आहे. घरी हे सोपे आहे. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदके असतात, हे त्याला तोंडपाठ आहे. भाताचा वजनकाटा त्याने स्वतः इतके दिवस वापरला आहे, की आता हॉटेलात भाताची मूद पाहून तो सांगतो ते वजन फार चुकत नाही. डोळा असा तयार करणे, हीच आमची खरी पद्धत आहे.

अडचण लपलेल्या गोडाची होते. थाळीतल्या आमटीत गूळ असतो, काही ठिकाणी भाजीतही साखर असते, आणि चायनीज पदार्थांच्या सॉसमध्ये साखर आणि कॉर्नफ्लोअर दोन्ही असतात. आम्ही ऑर्डर देण्यापूर्वीच कॅप्टनना स्पष्ट विचारतो, की यात गोड काय आहे. बहुतेक जण आत जाऊन विचारून येतात. एका हॉटेलात मात्र साखर अजिबात नाही असे ठामपणे सांगितले गेले आणि नंतर मुलाची साखर बरीच वर गेली. तेव्हापासून आम्ही प्रश्न बदलला आहे. "साखर आहे का?" असे विचारण्याऐवजी "चवीला साखर किंवा गूळ किती घालता?" असे विचारतो, आणि उत्तर बरेच खरे मिळते.

आणखी एक गोष्ट इतर पालकांसाठी लिहिते. खूप तेलकट जेवण असेल तर स्निग्धांशामुळे पचन मंदावते आणि रक्तातली साखर जेवणानंतर लगेच न वाढता काही तासांनी वाढते. त्यामुळे पावभाजी किंवा पिझ्झा खाऊन घरी आल्यावर झोपण्यापूर्वी आणि रात्रीही तपासणी आम्ही चुकवत नाही. त्या वेळी काय करायचे हे मात्र प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावे.

कॅम्पातून लिहिणाऱ्या दादांना एक विचारायचे आहे. कमी तेलात करून द्या असे सांगितले, तर आत खरोखर काय बदलते?

सदाशिव पेठेतून

वयाची सत्तरी उलटली असून हृदयावरील उपचारानंतर आहार बेताचा ठेवावा लागतो. अमर्याद थाळी असेल तिथे मी बसतानाच पोळ्या दोन, भात अर्धी मूद आणि गोड एकच वाटी, असे ठरवून टाकतो आणि वाढप्याला पहिल्यांदाच सांगतो. आग्रह करून वाढणे हा आपल्याकडचा आदर आहे, पण ताटावर आडवा हात धरलेला त्यांना समजतो. पोळीवरचे तूप मी नको म्हणतो आणि वरणभातावर घेतो, कारण तिथे ते चवीला लागते.

सिंहगड रस्त्यावरून

गड चढून गेल्यावर कांदाभजी आणि पिठलं-भाकरी खाताना "एवढे चढलो, जिरेल" असे सगळेच म्हणतात, म्हणून मी त्याचा हिशेब केला. सत्तर किलोचा माणूस सहाशे मीटर उंची चढला, तर वजन वर नेण्याचे निव्वळ काम सुमारे १०० किलोकॅलरींचे होते. स्नायू त्यांना मिळालेल्या ऊर्जेच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याचेच काम करतात, बाकीची उष्णता होते, म्हणून प्रत्यक्षात चारशे ते पाचशे किलोकॅलरी खर्च होतात. आता भज्यांची एक प्लेट घ्या. बेसन चाळीस ग्रॅम, त्याचे १५०. कांद्याचे २०. शोषलेले तेल वीस ग्रॅम, त्याचे १८०. भज्यांतच साडेतीनशे झाले. ज्वारीच्या एका भाकरीचे दोनशे, आणि पिठल्याचे व दह्याचे अजून धरायचेच आहेत. म्हणजे चढण भज्यांपुरतीच फिटते. मी गडावर भाकरी, पिठलं आणि मडक्यातले दही घेतो आणि भज्यांची प्लेट चौघांत एक सांगतो.

डेक्कनहून, विद्यार्थिनी

येथे सर्वांनी इतके मनापासून लिहिले आहे, की मला दुसरी बाजूही लिहावीशी वाटते. महाविद्यालयात असताना कॅलरी मोजण्याने माझ्या मनाचा पूर्ण ताबा घेतला होता. फर्ग्युसन रस्त्यावर मैत्रिणींबरोबर बसल्यावर मेनूकार्डातले आकडे नसतील तर मला काहीही मागवता येत नसे आणि आकडे असले तर सर्वांत लहान आकड्याचा पदार्थ, मग तो आवडो वा न आवडो, मी मागवत असे. पुढे मी बाहेर जाणेच टाळू लागले. वजन खूप उतरले, पाळी थांबली आणि तेव्हा आईने मला डॉक्टरांकडे नेले. हा आजार होता आणि त्यावर मानसोपचार व आहारतज्ज्ञ अशा दोन्हींचे उपचार झाले.

आहारतज्ज्ञ ताईंनी मला मोजणी पूर्णपणे बंद करायला सांगितली. आता मी ताटाकडे पाहते. डाळ, उसळ, दही किंवा अंडे यांपैकी काहीतरी आहे का, भाजी किंवा कोशिंबीर आहे का, आणि पोट भरेल एवढी पोळी किंवा भात आहे का, एवढेच तपासते. घरात वाढत्या वयाच्या मुली असतील, तर हॉटेलात बसून मोठ्यांनी प्रत्येक घासाचा आकडा मोठ्याने सांगू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांना आजारपणामुळे मोजणे भाग आहे, त्यांचा प्रश्न अर्थातच वेगळा आहे.

औंधहून

वरच्या ताईंचे म्हणणे मला पूर्ण पटते. मी व्यायामशाळेत जातो, मोजणी करतो, पण एका जेवणाचा आकडा मी कधीच अंतिम मानत नाही. बाहेरच्या जेवणासाठी "सातशे ते हजार" असा पल्ला लिहितो आणि आठवड्याची सरासरी पाहतो. मँगो मस्तानी घ्यायची असेल तर ग्लासभर सायीचे दूध, आइस्क्रीमचे दोन गोळे, साखर आणि वरचा सुकामेवा मिळून पाचशे ते सहाशे होतात. त्या दिवशी तेच माझे संध्याकाळचे खाणे असते आणि ते मी आनंदाने खातो.

पुन्हा कॅम्पातून

सहकारनगरच्या ताईंना उत्तर देतो. नुसते "कमी तेल" म्हटले, तर वरून सोडायचे तेल आणि बटर कमी होते, पण ग्रेव्हीतले तसेच राहते, कारण ती सकाळीच झालेली असते. खरा फरक पडावा असे वाटत असेल तर ऑर्डरच्या वेळी नेमके सांगावे. दाल फ्राय असेल तर "तडका अर्धा" किंवा "तडका वेगळा वाटीत" सांगावे, आणि वेगळा दिलेला तडका आपणच चमच्याने घ्यावा. रोटी "बिना बटर" मागावी. ग्रेव्हीच्या भाजीऐवजी तंदूरमधला पदार्थ मागवावा, कारण त्याला लावलेले दह्याचे मसालेदार मिश्रण मोजण्याजोगे असते आणि जादा तेल खाली टपकते. मात्र सळईवरून उतरवल्यावर त्यावर बटर फिरवतात, तेही नको म्हणून सांगावे. शनिवारी-रविवारी रात्री नऊनंतर अशा सूचना कागदावर लिहूनही आत विसरल्या जातात. मुलाला घेऊन जायचे असेल तर आठच्या आत जावे, तेव्हा वस्तादांना दोन शब्द ऐकायला वेळ असतो.