मदत हवी आहे: ६जी पाईपला वेल्डिंग करताना खालच्या बाजूला बसायचं कसं?

नमस्कार मंडळी,

शटडाऊनच्या (प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या) कामासाठी वेल्डिंगची ६जी टेस्ट द्यायची आहे, म्हणजे ४५ अंशात पक्का बांधलेला पाईप चारी बाजूंनी जोडायचा. पाईप ६ इंची, शेड्यूल ८० (जाड भिंतीचा), कार्बन स्टील. रूट (सगळ्यात आतला पहिला थर) टिगने (टंगस्टन आर्कच्या वेल्डिंगने), पुढचं सगळं ७०१८ वेल्डिंग रॉडने, खालून वर. प्लेटवर आणि आडव्या पाईपवर हात बसलाय, पण ४५ अंशात तिरका बांधलेला पाईप समोर आला की अंगच जुळत नाही.

पाईपच्या गोलाला घड्याळ मानलं तर सहा वाजतात तिथून, म्हणजे तळापासून, सुरुवात करतो. उकिडवं बसून मान वाकडी केली की हेल्मेट खांद्याला अडकतं. साडेचारपर्यंत पोचेस्तोवर मांड्या भरून येतात. कोपर सगळा वेळ अधांतरी. मनगट थरथरलं की आर्क (रॉडच्या टोकाशी पेटलेली ज्योत) लांबतो, आणि ७०१८ ला आर्क लांबला की पोरोसिटी (वेल्डमध्ये वायूची छिद्रं) आलीच. मध्येच उठून जागा बदलली तर तिथल्या जोडाचा भरवसा वाटत नाही.

डावीकडचा अर्धा भाग तर फारच त्रास देतो. मी उजव्या हाताने मारतो, त्यामुळे माझाच हात आड येतो आणि पडल (वितळलेल्या धातूचं डबकं) दिसत नाही. कॅपिंगला (शेवटच्या, बाहेरच्या थराला) वरच्या कडेला अंडरकट (वेल्डच्या कडेने पडलेली खाच), खालच्या कडेला माल लोंबलेला. करंटचा दोष नसावा, कारण त्याच करंटवर उजवीकडे तीन ते बारा बीड (वेल्डची पट्टी) स्वच्छ पडतो.

एकदा बांधलेला पाईप टेस्टमध्ये हलवता किंवा फिरवता येत नाही. मग बांधतानाच उंची किती ठेवू? स्टूल घ्यावं का? डावा हात तयार करावा का? ज्यांनी ही टेस्ट काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा. हे काम मला मनापासून हवं आहे.

प्रतिसाद १:
भावा, उकिडवं बसणं आधी बंद कर. बुटका लाकडी ठोकळा घे, त्यावर बूड टेकव, कोपर गुडघ्यावर. उंची अशी धर की बसल्यावर सहाचा भाग हनुवटीच्या जरा वर येईल आणि उभं राहिल्यावर बाराचा भाग सहज दिसेल. स्टँडचा खांब जवळ असेल तर खांदा त्याला लाव. केबल खांद्यावरून घे, तिचं वजन मनगटावर नको.

मुख्य गोष्ट, रॉड जिथे संपणार तिथे आरामात बसता येईल अशी बैठक धर आणि मग सुरुवातीकडे वाक. आपण उलटं करतो, सुरुवात सुखाची आणि शेवट ओढाताणीचा. आर्क न मारता रॉड पूर्ण वाटेवरून फिरवून बघ. कुठे अडकलं तर बैठक तिथेच बदल.

साडेचारला थांबायला घाबरू नकोस. टोक ग्राइंडरने उतरतं कर, नवा आर्क बीडच्या टोकाला राहिलेल्या खड्ड्याच्या थोडा पुढे मार, मागे येऊन खड्डा भर आणि मग पुढे जा. फक्त प्रत्येक पासचा (थराचा) जोड वेगळ्या जागी ठेव.

प्रतिसाद २:
अंडरकटबद्दल. पाईप तिरका असला तरी पडल आडवंच राहायला हवं. रॉड जोडाला काटकोनात न हलवता जमिनीला समांतर हलव, वरच्या कडेला जास्त थांब, खालची नुसती शिवून ये. डावीकडे हात आड येतो तर डोकं पाईपच्या दुसऱ्या बाजूने घालून बघ. डावा हात तयार झाला तर पुढे साइटवर उपयोगी पडेलच, पण टेस्ट तोंडावर असताना तो नाद नको. त्या हाताने उजवं मनगट खालून धर.